आभासी चलनाचा उतारा : ज्येष्ठ सभासदांसाठी एक हिशेब

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर एरवी लागण, बेणे, खते आणि खोडवा यांची चर्चा असते. या अंकी हुमणीच्या बंदोबस्ताविषयी लिहावयाचे असे आम्ही ठरविले होते. टिपणही तयार होते. परंतु गेल्या हंगामाची ऊसबिले बँकेत जमा झाल्यावर दीड-दोन महिन्यांत तीन निरनिराळ्या गटांतून एकाच तऱ्हेची हकीगत आमच्या कानावर आली. तिन्ही ठिकाणी पैसे मोबाईलवरून गेले, तिन्ही ठिकाणी कारण 'कॉइन' असे सांगण्यात आले, आणि तिन्ही ठिकाणी फसलेला माणूस साठीच्या पुढचा होता. तेव्हा हुमणी पुढच्या अंकी.

आमच्या ऑफिसातील एक सहकारी म्हणाले, "साहेब, हे काही शेतकी खात्याचं काम नव्हे." खरे आहे. आम्ही शेतकी पदविकेचे माणूस. शिकलो ते माती, पाणी आणि बेणे. पण एकरी टनेज वाढावे म्हणून आम्ही वर्षभर बांधावर हिंडायचे, सभासदाने आडसाली उसाला दीड वर्ष पाणी द्यायचे, आणि त्याचे बिल एका दुपारी भलत्याच्याच खात्यात जायचे, तर त्या टनेजचा उपयोग काय?

दुसरेही एक कारण आहे. ते घरचे आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आमचे थोरले मामा आपल्या कारखान्याचे जुने सभासद. एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर पुण्याला धनकवडीत मुलाकडे राहतात. गावी दोन एकर ऊस आहे, तो वाट्याने लावतात. वार्षिक सभेला न चुकता येतात आणि टनामागे एखादी कपात दिसली की माईक हातात घेऊन दहा मिनिटे सोडत नाहीत. अशा माणसाला कोणी फसवील असे आम्हांस स्वप्नातही वाटले नसते.

एके दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, आठ दिवसांकरता तीन लाख ऐंशी हजार कुठं मिळत्यात का बघ."

"मामा, एवढे कशाला?"

"टॅक्स भरायचाय."

"कशाचा टॅक्स?"

यावर मामा जरा थांबले. मग म्हणाले, "माझे एकोणीस लाख अडकल्यात. टॅक्स भरला की सुटतात."

आम्ही त्याच रात्री पुणे गाठले. मामांनी मोबाईल काढून दाखविला. हकीगत अशी. चार महिन्यांपूर्वी कोणीतरी त्यांना व्हॉट्सॲपच्या एका गटात घेतले. गुंतवणुकीचे शिक्षण मोफत, असे गटाचे नाव. गटात शे-दीडशे माणसे. रोज कोणीतरी "आज मला इतका फायदा झाला" असे लिही आणि बाकीचे हात जोडीत. त्या गटातील एक मॅडम मामांना स्वतंत्र निरोप पाठवू लागल्या. सकाळी "सुप्रभात काका", दुपारी "जेवलात का", रात्री "गुडघ्याला तेल लावलं का". सव्वा महिना पैशाचे नाव नाही. मामी म्हणाल्या, "घरातलं कोण विचारीत नव्हतं एवढं ती विचारायची."

पुढे मॅडमनी एक लिंक पाठवून मोबाईलमध्ये ॲप उतरवून घ्यायला लावले. पहिल्यांदा दहा हजार. आठवड्यात ॲपमध्ये अकरा हजार चारशे दिसू लागले. मॅडम म्हणाल्या, "काका, विश्वास नसेल तर काढून बघा." मामांनी तीन हजार काढले, ते खरोखर बँकेत आले. नंतर पन्नास हजार, मग दोन लाख, मग मुदत ठेव मोडून साडेतीन लाख. ठेव मोडताना बँकेतल्या मुलीने विचारले, "काका, एवढे पैसे कशाला?" मामांनी सांगितले, घराच्या कामाला. तसे सांगा असे मॅडमनीच पढविले होते. एकूण भरले सहा लाख दहा हजार, परत आले तीन हजार. ॲपमध्ये मात्र एकोणीस लाख दिसत होते, आणि ते काढायचे तर आधी वीस टक्के टॅक्स भरा असा निरोप होता.

आता आमची चूक सांगतो. दिवाळीत मामांनी आम्हांला विचारले होते, "हे कॉइन म्हणजे काय असतं रे?" त्या वेळी तोडणीचा कार्यक्रम डोक्यावर होता, टोळ्या उतरायच्या होत्या. आम्ही म्हणालो, "बघू मामा, नंतर सांगतो." तो नंतरचा दिवस उगवलाच नाही. माती तपासल्याशिवाय खताची मात्रा न सांगणारे आम्ही, मामांना एक उलटा प्रश्न विचारला नाही. जे तेव्हा सांगायला हवे होते ते आता येथे सांगत आहोत.

हे चलन आहे तरी काय

बिटकॉइन हे यातले सर्वांत जुने. जानेवारी २००९ पासून ते चालू आहे. ही नोट नव्हे, नाणेही नव्हे. ही एक खातेवही आहे. चावडीतल्या वहीची नक्कल गावातल्या प्रत्येक घरी ठेवली, आणि कोणी कोणाला काय दिले त्याची नोंद एकाच वेळी सर्व वह्यांत झाली, तर एकट्या तलाठ्याला खाडाखोड करता येणार नाही. साधारण तशी ही व्यवस्था जगभरच्या संगणकांवर चालते. त्या वहीतले आपले नाणे दुसऱ्याला द्यायचे तर एक गुप्त किल्ली लागते. किल्ली ज्याच्या हाती त्याचे नाणे. वहीत एकदा नोंद झाली की ती उलटवायला कोणी मॅनेजर बसलेला नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

वही लिहिण्याचे काम जे संगणक करतात त्यांना मेहनताना म्हणून नवी नाणी मिळतात. त्याला खाणकाम म्हणतात. नाव खाणीचे असले तरी तेथे कुदळ-फावडे काही नाही. यंत्रे आणि वीज. नवी नाणी किती निघावयाची हे आरंभापासून ठरलेले आहे. दर दहा मिनिटांस सुमारे एकदा वहीचे नवे पान लागते. त्या पानामागे आरंभी ५० नाणी मिळत, नोव्हेंबर २०१२ पासून २५, जुलै २०१६ पासून साडेबारा, मे २०२० पासून सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून सव्वातीनहून थोडी कमी. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधी निघावयाची नाहीत. हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे हिशेबाला लागणार आहेत.

हा व्यवहार कायद्याने गुन्हा आहे काय? नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये जनतेला पहिला इशारा दिला. एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला, आणि मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आले. यावरून एजंट सांगतात, "सरकार टॅक्स घेतंय म्हणजे सरकारमान्य आहे." ही पळवाट ओळखावी. कर लागतो म्हणजे हमी मिळते असे नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे; या चलनाला रुपयाचाही नाही. नोंदणी केलेल्या बाजारातसुद्धा धोका असतोच. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या नामांकित बाजारातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे चलन चोरीस गेले. असो. तो जाणत्यांनी पत्करलेला धोका झाला. आमचा विषय त्याहून निराळा आहे. मामांच्या ॲपमध्ये बिटकॉइन नव्हतेच, कुठलेच चलन नव्हते. पडद्यावर नुसता आकडा होता.

पुण्यातला मोठा दाखला

या चलनाच्या नावावर आपल्या भागात जो सर्वांत मोठा प्रकार घडला त्याचे नाव गेनबिटकॉइन. २०१५ साली अमित भारद्वाज, त्याचा भाऊ अजय आणि त्यांचे एजंट यांनी ही योजना सुरू केली असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. सिंगापूरच्या एका कंपनीचे नाव पुढे होते. योजना ऐकायला अगदी सोपी. तुम्ही बिटकॉइन विकत घेऊन आमच्याकडे द्या, आम्ही त्यावर खाणकाम करू, तुम्हाला दरमहा १० टक्के नाणी १८ महिने देऊ. म्हणजे एकास एक पूर्णांक आठ. मुदत बरोबर आपल्या आडसाली उसाची! शिवाय नवा माणूस आणला की दलाली निराळी.

ही योजना कोण्या परक्याने येऊन विकली नाही. ऑफिसातला मित्र, सोसायटीतला शेजारी, साडू, व्याही अशांनी ती एकमेकांना सांगितली. सुरुवातीचे हप्ते मिळाले, हे त्यांनी खोटे सांगितले नाही. मिळालेच होते. २०१७ च्या सुमारास नवी माणसे येणे मंदावले तसे हप्ते आटले. मग बिटकॉइनऐवजी योजनेचे स्वतःचेच एमकॅप नावाचे चलन देऊ लागले, ज्याची किंमत फारच कमी होती. पुण्यात गुन्हे दाखल झाले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अमित भारद्वाजला अटक केली. पुढे तो जामिनावर सुटला आणि जानेवारी २०२२ मध्ये मरण पावला. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे, गोळा केलेल्या नाण्यांची किंमत २०१७ सालच्याच भावाने ६,६०० कोटी रुपये होती. देशभरचे गुन्हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या; त्यांत पुणे होते, नांदेड होते आणि आपल्या उसाच्या पट्ट्यातले कोल्हापूरही होते.

आता उसाच्या हिशेबाने हे पाहू. कोणी येऊन म्हणाला, "माझ्या कारखान्यात शंभर किलो उसातून पंचवीस किलो साखर निघते," तर तुम्ही काय कराल? हसाल. एफआरपीचा पाया सव्वादहा टक्के उताऱ्याचा आहे. चांगल्या भागात, चांगल्या महिन्यात तो बारा-तेरापर्यंत जातो. त्यापुढे उसातच साखर नसते, तर येणार कोठून? हाच प्रश्न गेनबिटकॉइनला विचारा. जुलै २०१६ नंतर एका पानामागे साडेबारा नाणी. तासाला सहा पाने, दिवसाला १४४. म्हणजे साऱ्या जगात दिवसाला १,८०० आणि महिन्याला सुमारे ५४,००० नवी नाणी. समजा या योजनेने लोकांकडून एक लाख नाणी घेतली. दरमहा १० टक्के द्यायचे तर महिन्याला दहा हजार नाणी हवीत. म्हणजे जगात निघणाऱ्या दर साडेपाच नाण्यांतले एक यांच्या घरी यायला हवे! चीन, अमेरिका, रशिया सगळीकडे लोक तेच खाणकाम करीत होते. त्यातून वीजबिल भागवायचे, एजंटांची दलाली भागवायची. आणि जितके लोक जास्त येतील तितका तो वाटा फुगत जाणार. जगाचे पीक मात्र तेवढेच, ठरलेले.

हा हिशेब करायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. आमच्या गटातला चिटबॉय कागदाच्या पाठीवर तो मांडील.

मग सुरुवातीचे हप्ते आले कोठून? नव्याने आलेल्यांच्या मुद्दलातून, असा आरोप आहे. नव्या लागणीसाठी आणलेले बेणेच गाळप करून जुन्या सभासदाचे बिल भागवायचे, तसले हे काम. जोवर बेण्याच्या गाड्या येत आहेत तोवर काटा चालू, बिले चालू, सगळे खूष. गाड्या थांबल्या की शेतात काहीच उगवलेले नाही हे दिसते.

ही युक्ती बिटकॉइनबरोबर जन्मलेली नाही. १९२० साली अमेरिकेत बोस्टन शहरी चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून लोकांचे पैसे घेतले. परदेशी टपालाची उत्तर-कूपने स्वस्तात घेऊन महाग विकतो, असे तो सांगे. एका पत्रकाराने हिशेब मांडला. एवढ्या पैशाला सोळा कोटी कूपने लागली असती. चलनात होती सुमारे सत्तावीस हजार. तेथेच पॉन्झीचे पितळ उघडे पडले. शंभर वर्षे झाली, प्रश्न तोच आहे. माल आहे किती?

आपल्याकडे रूपे मात्र ओळखीची घेऊन येतात. पुण्याच्या समृद्ध जीवन कंपनीने शेळ्या-म्हशींच्या नावाने पैसे घेतले. सेबीने मनाई केली, प्रमुखाला डिसेंबर २०१५ मध्ये अटक झाली. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या एका कंपनीची कडकनाथ कोंबड्यांची योजना कोसळली, तेव्हा खुराड्यातल्या पक्ष्यांना खाद्य कोठून घालावे हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे पडला. निदान कोंबडी डोळ्यांना दिसत होती! शेळी मोजता येते, कोंबडी मोजता येते. कॉइन मोजता येत नाही, आणि हेच फसवणाऱ्याच्या फायद्याचे आहे.

वडीलधारी माणसेच का

तरुण मंडळी म्हणतात, "म्हाताऱ्यांना मोबाईल कळत नाही." आम्हांला हे पटत नाही. मामांना ॲप उतरविता आले, पैसे पाठविता आले, पडद्याचे फोटो काढता आले. अडचण मोबाईलची नव्हती.

पहिली गोष्ट, पैसा यांच्याकडेच असतो. निवृत्तीची रक्कम, ऊसबिल, काहींना रिंगरोडच्या भूसंपादनाचे पैसे. दुसरी गोष्ट शिकवणुकीची. समोरचा गोड बोलत असता फोन ठेवणे हा उद्धटपणा, असे ज्यांच्या मनावर बिंबलेले आहे त्यांना "नको" म्हणणे जड जाते. आणि तिसरी आम्हांला सर्वांत मोठी वाटते. गावी पैसे भरायला निघालेल्या माणसाला पारावर चौघे हटकतात, "काय आबा, कुठं निघालात? कशाला भरताय?" त्या चौकशीचा एरवी रागच येतो. पण तीच राखण असते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मुलगा-सून नऊला बाहेर पडले की दार बंद. दिवसभर विचारपूस करणारा एकच, तो मोबाईलमधला. त्यातून मॅडम सांगते, "घरात आत्ताच सांगू नका काका, एकदम आश्चर्याचा धक्का द्या." मामांना नातवाच्या इंजिनिअरिंगची फी एकरकमी भरून मुलाला चकित करायचे होते. हाव म्हणावी तर म्हणा. आम्ही तिला हाव म्हणणार नाही.

म्हणून उपायही त्याच जागी करावा. एक रक्कम घरात ठरवून टाका, पाच हजार म्हणा, दहा हजार म्हणा. त्याच्या वर नव्या माणसाला किंवा नव्या योजनेला पैसे पाठवायचे तर आधी घरातल्या किंवा नात्यातल्या एका ठरलेल्या माणसाला सांगायचे. परवानगी मागायची नाही; पैसे तुमचे आहेत. फक्त मोठ्याने सांगायचे. सांगता सांगताच पुष्कळदा आपल्यालाच शंका येते. "कशाचा टॅक्स" या एका प्रश्नाला मामा थांबले होते. कोणी "घरात सांगू नका" किंवा "बँकेत खोटे कारण सांगा" म्हणाला, की तेथेच व्यवहार संपला असे समजावे. खरा धंदा करणारा असे कधी सांगत नाही.

दुसरा उपाय बँकेचा. ज्या खात्यात ऊसबिल जमा होते त्या खात्याला यूपीआय जोडूच नका. भाजी-औषधासाठी दुसरे लहान खाते ठेवा, त्यात महिन्याला लागेल तेवढेच टाका आणि मोबाईल त्यालाच जोडा. बैलाला मोकळे सोडायचे तर दावे लांब ठेवतात, सबंध वैरणीची गंजी पुढे टाकीत नाहीत. मोठी ठेव पती-पत्नी दोघांच्या सहीने मोडेल अशी ठेवता येते. बँकेत जाऊन तसे विचारा.

तिसरे, पैसे कोणाच्या खात्यावर चाललेत ते नाव वाचा. मामांचे सहा लाख दहा हजार चार खात्यांत गेले. एक कुठल्याशा ट्रेडर्सचे, एक कापड दुकानाचे, दोन व्यक्तींची. एकाही खात्याला त्या ॲपचे नाव नाही. अशी खाती भाड्याने घेतलेली असतात. आपल्यातील तरुण पोरांनीही हे ऐकावे. चार-पाच हजारांच्या लोभाने आपले खाते किंवा सिमकार्ड दुसऱ्याला वापरायला दिले, तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

आणि नफा काढण्यासाठी आधी कर भरा, ही मागणी आली की समजावे की पैसे गेलेले आहेत. कर नफ्यातून कापला जातो किंवा आपण विवरणपत्र भरून सरकारजमा करतो. ऊसबिलातून कपात होते ती बिलातूनच. कपातीचे पैसे रोख आणून द्या, मग बिल काढतो, असे कोणत्या कारखान्याने कधी म्हटले आहे काय?

पैसे गेलेच तर

वेळ घालवू नये. १९३० हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे, तो लावावा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आपल्या बँकेला कळवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलीस ठाण्यात जावे. आधी क्रमांक लावावा, मग रडावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. वाटेत कुठे थांबलेले असतील तर ते तेथेच गोठविता येतात. तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नव्हे. व्यवहाराचा क्रमांक, ज्या खात्यांत पैसे गेले त्यांचे क्रमांक, मोबाईल नंबर, सगळ्या निरोपांचे फोटो जपून ठेवावेत. रागाच्या भरात ॲप आणि निरोप पुसून टाकू नयेत, तोच पुरावा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना बोलायला कोणी नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

घरच्यांना एक सांगणे. त्या रात्री आमच्या मामेभावाने पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला एवढंही कळत नाही का, दादा?" मामा उठून आत गेले ते दोन दिवस जेवले नाहीत. तक्रारीच्या कागदावर सही करायलाही तयार होईनात. "जगाला कशाला दाखवायचं," म्हणाले. त्यात आणखी दीड दिवस गेला. ज्या दीड दिवसात काही पैसे अडविता आले असते कदाचित. मुलाचे रागावणे आम्हांस समजते, ठेव मोडली तेव्हा घरासाठीचीच मोडली होती. पण त्या प्रश्नाची किंमत फार पडली.

तक्रार झाल्यावर बाहेरच्या राज्यातील एका बँकेतल्या खात्यात एक्केचाळीस हजार रुपये अडकविल्याचे कळले. बाकीचे पुढे गेले होते. ते एक्केचाळीस हजारही अद्याप हातात आलेले नाहीत, त्या खटपटीत आम्ही आहोत.

आता शेवटची एक गोष्ट, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर पुन्हा विकला जातो. "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा," असे म्हणणारे महिन्या-दोन महिन्यांत उगवतात. कोणी वकील म्हणवितो, कोणी सायबर सेलचा अधिकारी, कोणी तज्ज्ञ. या चलनाच्या वाटेत तज्ज्ञ हा शब्दही तपासूनच घ्यावा. पुण्याच्याच प्रकरणात तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोघा तज्ज्ञांना, त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी, मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या पाकिटातली नाणी त्यांनी स्वतःकडे वळविली असा आरोप आहे. किल्ली ज्याच्या हाती त्याचे नाणे, हे वर लिहिलेच आहे.

मामांनाही असा फोन आला. मागच्या महिन्यातली गोष्ट. समोरचा गृहस्थ हिंदीत म्हणाला, तुमचे सहा लाख सापडले आहेत, फाइल पुढे सरकवायला पंधरा हजार लागतील, आजच पाठवा, कोणाला सांगू नका. मामांनी फोन स्पीकरवर टाकला आणि आत हाक मारली, "अगं, इकडं ये गं, ऐक हे काय म्हणतायत." मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या तोवर त्याने फोन ठेवला होता.

हुमणीचे टिपण पुढील अंकी. ज्यांच्या शेतात प्रादुर्भाव दिसत असेल त्यांनी तोवर गट ऑफिसात नाव नोंदवून ठेवावे. आणि या लेखातील प्रकारासारखे कोणाच्या घरी काही घडले असेल, तर तेही त्याच ऑफिसात येऊन सांगावे. नाव बाहेर जाणार नाही, आणि अर्ज लिहायला आम्ही बसू.